पूर्वपक्षाचे ऋण

आज मार्गशीर्ष शुद्ध एकादशी. मोक्षदा एकादशी आणि गीताजयंती. आज घरोघरी गीतेचे पारायण होईल, देवळांतून अठरा अध्याय एकसुरात म्हटले जातील, मुले पाठांतराच्या स्पर्धेत उभी राहतील. प्रचलित गणनेप्रमाणे गीतेच्या ७०० श्लोकांपैकी ५७४ भगवंतांच्या मुखीचे, ८४ अर्जुनाचे, ४१ संजयाचे आणि एक धृतराष्ट्राचा. भगवंतांच्या ५७४ श्लोकांवर आजवर अनंत निरूपणे झाली आहेत आणि आम्हीही गेली चाळीस वर्षे यथामती तेच करीत आलो आहोत. आज मात्र आम्हांला अर्जुनाच्या त्या ८४ श्लोकांविषयी दोन शब्द लिहावयाचे आहेत.

अर्जुनाची शंका व्यासांनी दडपली नाही. पहिल्या अध्यायाचा मोठा भाग त्या विषादालाच दिला आहे, आणि त्यात भगवंत अर्ध्या श्लोकापलीकडे काही बोलत नाहीत. ते ऐकून घेतात. युद्ध का करू नये याची कारणे अर्जुनाने इतकी सबळ मांडली आहेत की, आजही वाचणारा क्षणभर थबकतो आणि म्हणतो, हा खरेच बोलतो आहे. पुढचे उत्तर मोठे वाटते ते आधीचा प्रश्न मोठा राहू दिला म्हणून. आमच्या शास्त्रकारांनी या रीतीला पूर्वपक्ष असे नाव दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावे, ते त्यालाही मान्य होईल असे मांडावे, आणि मग आपला सिद्धान्त सांगावा, ही ती रीत. ही रीत आम्ही एकदा कीर्तनाच्या गादीवर उभे राहून मोडली. त्या गोष्टीची कबुली आणि तिच्यातून घडलेला अभ्यास वाचकांपुढे ठेवण्यास गीताजयंतीसारखा दिवस नाही, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. चातुर्मासात गंगाखेड तालुक्यातील एका गावी आमचे कीर्तन होते. पूर्वरंगात कर्मविपाकाचे निरूपण चालले होते. केलेल्या कर्माचे फळ भोगल्यावाचून सुटका नाही, हे सांगताना आम्ही ओघात म्हणालो की, काही लोकांचा धर्म मोठा सोयीचा. आठवडाभर पाप करावे, रविवारी पाद्र्याच्या कानात सांगावे, की सोमवारी पाटी कोरी! सभा खळखळून हसली. टाळकऱ्यांनीही साथ दिली. आम्हीही हसलो आणि पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उतरलो होतो त्या घरी एक वृद्ध बाई आल्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून त्यांनी उभे आयुष्य काढले होते. घरातील सून पुढे होऊन त्यांच्या पाया पडली. तिची दोन्ही बाळंतपणे त्यांच्याच हातची. बाई नगरकडच्या, ख्रिस्ती. आदल्या रात्री ओट्याच्या कडेला बसून त्यांनी सबंध कीर्तन ऐकले होते.

त्या म्हणाल्या, “बुवा, अभंग फार गोड म्हटलेत. आमच्या वडिलांनाही कीर्तनाचा नाद होता. एक बोलू का? आमच्या देवाला हसलात, त्याचे वाईट वाटून घेतले नाही. पण तुम्ही हसलात तो आमचा देव नव्हता हो. आमच्या मंडळीत पाद्र्याच्या कानात सांगण्याची चालच नाही. आणि क्षमा आमच्यात फुकट नसते. ती कोणाला किती महाग पडली, हेच तर आम्ही दर रविवारी ऐकतो.”

आम्ही काही उत्तर देणार, तोच त्या पुढे म्हणाल्या, “आमच्याविषयी सांगायचे तर आम्हांला एकदा विचारून सांगत जा.” आणि चहा घेऊन निघून गेल्या.

त्यांच्या बोलण्यात राग असता तर आम्हांला बरे वाटले असते. आम्ही स्वतःला संस्कृताचे अभ्यासक म्हणवतो. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला. वेद न मानणाऱ्या चार्वाकापासून आरंभ करून त्यांनी सोळा दर्शने एकामागून एक मांडली, आणि ज्याला खोडून काढावयाचे त्याचीही बाजू त्याच्याच तोंडून बोलविली. तो ग्रंथ आम्ही विद्यार्थ्यांना शिकविला आहे. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एका सबंध दर्शनाचे आम्ही एका वाक्यात विडंबन केले, तेही चुकीचे!

आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती घरे थोडी. परभणीच्या हजरत तुराबुल हक शहांच्या उरुसाला आपल्यातील अनेक कुटुंबे जातात. मुसलमान शेजाऱ्याचे रोजे, ईद आपल्याला ठाऊक असतात. ख्रिस्ती माणूस मात्र आपल्याला भेटतो तो शाळेत, दवाखान्यात किंवा ऐकीव विनोदात. म्हणून गेली दोन वर्षे आम्ही त्यांचे ग्रंथ मराठीत वाचले, जाणत्यांना विचारले, आणि त्यांच्या जगाकडे पाहण्याच्या दृष्टीचा पाया काय, हे समजून घेण्याचा प्रयत्न केला. जे समजले ते आधी त्यांच्या बाजूने सांगतो. आमचे मत नंतर.

त्या दर्शनाचा पहिला पाया सृष्टी आणि स्रष्टा यांतील भेद हा आहे. आपल्या वेदान्तात ब्रह्म हेच जगाचे निमित्त आणि तेच उपादान. कोळी आपल्याच पोटातून जाळे काढतो तसे. न्यायशास्त्रात ईश्वर कुंभारासारखा, पण परमाणूंची माती त्याच्या आधीपासून आहेच. ख्रिस्ती दर्शन या दोहोंपेक्षा निराळे आहे. तेथे माती नाही आणि जाळेही नाही. काहीच नव्हते, आणि ईश्वराच्या केवळ इच्छेने जग झाले. म्हणून जग ईश्वर नव्हे. पण ते माया किंवा भासही नव्हे. ते खरे आहे आणि मुळात चांगले आहे. ख्रिस्ती मनुष्य गोदावरीला हात जोडत नाही, याचा आपल्याला राग येतो. त्यामागे नदीचा अनादर असतोच असे नाही. नदी ही त्याच्या लेखी दान आहे. हात जोडावयाचे ते दात्याला, असा तो विचार आहे.

दुसरा पाया मनुष्यासंबंधी आहे. ईश्वराने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा घडविला, असे ते मानतात. प्रतिरूप म्हणजे अंश नव्हे. जीव हा ब्रह्मच, असे तेथे कोणी म्हणणार नाही. परंतु राजाच्या नाण्यावर राजाची मुद्रा असावी तशी प्रत्येक मनुष्यावर ईश्वराची मुद्रा आहे. नाणे चिखलात पडले म्हणून मुद्रा पुसली जात नाही. आणि हा मनुष्य एकदाच जन्मतो. मागे जन्म नाही, पुढे जन्म नाही. त्यामुळे या एका आयुष्याला, त्यातील प्रत्येक दिवसाला, तेथे फार वजन आहे.

तिसरा पाया पापासंबंधी. आपल्याकडे बंधाचे मूळ अविद्या. दोरीवर साप भासतो, दिवा आणला की भ्रम जातो. त्यांच्याकडे बंधाचे मूळ अज्ञान नव्हे, अवज्ञा. मुलाने बापाचे घर जाणूनबुजून सोडले आहे. त्याला ज्ञान देऊन भागत नाही. घर कोठे आहे हे त्याला ठाऊकच आहे. तुटले आहे ते नाते, आणि ते जोडण्याचे बळ तुटलेल्याच्या अंगी उरलेले नाही. सगळी मनुष्यजात या एका दोषाने ग्रासलेली आहे, म्हणून कोणी कोणाहून जन्मतः शुद्ध नाही.

चौथा पाया अवताराचा, आणि सर्व इमारतीचा भार यावर आहे. ईश्वर एकच, पण त्या एकत्वात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे त्रिविध स्वरूप आहे. ‘देवाला मुलगा कसा’ असा विनोद आपल्याकडे होतो. पण पुत्र हा शब्द तेथे शरीरसंबंधाचा नाही, अनादि नात्याचा आहे. तो पुत्र मनुष्य झाला. गीतेतील अवतार धर्माला ग्लानी आली की युगायुगांतून पुन्हा पुन्हा येतो. हा एकदाच आला, तोही पुराणकाळी नव्हे. रोमन साम्राज्यात, पिलात नावाच्या सुभेदाराच्या कारकिर्दीत, एका सुताराच्या घरी वाढला, आणि दासांना व बंडखोरांना देत ती क्रूसाची शिक्षा त्याला झाली. आपला अवतार दुष्टांच्या संहारासाठी येतो. हा दुष्टांच्या हातून मरण्यासाठी आला, आणि तिसऱ्या दिवशी उठला, असे ते मानतात. हे उठणे घडले नसेल तर आपला सगळा धर्म फोल, असे त्यांच्या धर्मग्रंथातच म्हटले आहे.

त्या मरणाने माणसाचे पाप कसे फिटते? येथे आम्ही पुष्कळ अडखळलो, आणि शेवटी वाट दाखविली ती आमच्याच आख्यानाने. दामाजीपंतांची कथा आम्ही शेकडो वेळा उभी केली आहे. दुष्काळात पंतांनी मंगळवेढ्याचे कोठार लोकांना खुले केले. बादशहाचे देणे डोक्यावर बसले. आणि पांडुरंग विठू महार होऊन बेदरच्या दरबारी गेला आणि पै न् पै भरून पावती घेऊन आला. देणे बुडाले नाही, माफही झाले नाही. देवाने ते स्वतः भरले. ख्रिस्ती मनुष्याला क्षमा म्हणजे काय वाटते, ते या कथेवरून पुष्कळसे कळते. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की दामाजीपंत पुण्यशील होते, त्यांचा अपराध हा भूतदयेचा होता. ख्रिस्ती कथेतील ऋणको खरोखर अपराधी आहे. त्याच्यासाठी देव भरतो. ‘क्षमा महाग पडली’ असे त्या बाई म्हणाल्या, त्याचा अर्थ हा. आणि जेथे धर्मगुरूपुढे पाप सांगण्याची चाल आहे त्या रोमन कॅथलिक पंथातही मनापासून अनुताप, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि शक्य ती भरपाई यांवाचून क्षमा मानीत नाहीत. सोमवारची कोरी पाटी ही आमच्या जिभेची निर्मिती होती.

पाचवा पाया शेवटाचा. आपल्याकडे कालचक्र फिरते. त्यांच्याकडे काळ हा एका दिशेने चाललेला प्रवास आहे. त्याला आरंभ आहे, मध्ये क्रूस आहे आणि शेवटी न्याय व नवी सृष्टी आहे. या पाचांवर आचाराचा कळस उभा राहतो तो दोन आज्ञांचा: ईश्वरावर सर्वस्वाने प्रेम करावे आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखे प्रेम करावे. शेजारी कोण, तर ज्याला गरज आहे तो.

हा झाला पूर्वपक्ष. तो मराठीला नवा नाही. संत एकनाथ पैठणास हयात होते तेव्हाच, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू गोव्यास आला. मराठी शिकून त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. परक्या देशाच्या माणसाने आपली कथा सांगण्यास आमच्या पुराणाची घडण आणि आमची ओवी निवडली. त्याच शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, आणि कुशस्थळीच्या मंगेशाला भक्तांनी रातोरात नदीपार प्रियोळला नेले, हेही विसरता येत नाही. एकोणिसाव्या शतकातील कित्येक मिशनऱ्यांनी राम-कृष्णांच्या कथांचे जे विडंबन छापले, ते आमच्या कीर्तनातील विनोदापेक्षा फार वाईट होते. पूर्वपक्ष विपर्यस्त करण्याचा दोष दोहीकडचा आहे. पण त्यांच्या दोषाचे प्रायश्चित्त त्यांनी घ्यावे. आम्हांला आमचे घ्यावयाचे आहे.

शास्त्राच्या रीतीने झालेला वादही आपल्याकडे आहे, आणि आजच्या संस्कृतज्ञांनाही त्याचे विस्मरण झाले आहे. १८३९ साली जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत लिहून ख्रिस्ती मत श्रेष्ठ ठरविले. त्याला उत्तरेही संस्कृतातच निघाली. पहिले सुबाजी बापू या महाराष्ट्रीय ज्योतिष्यांचे. ईश्वराने निरनिराळ्या लोकांसाठी निरनिराळे मार्ग ठेविले आहेत, मग भांडण कशाचे, असा त्यांचा सौम्य सूर. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे, जहाल. तिसरे काशीच्या तरुण नीलकंठशास्त्री गोऱ्ह्यांचे ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, १८४४-४५ चे. पूर्वजन्म नसेल तर एक आंधळा आणि एक डोळस का जन्मतो, निष्पाप पशू दुःख का भोगतात, चार दिवसांच्या पापाला अनंत नरक हा न्याय कसा, असे रोखठोक प्रश्न त्यांनी केले.

आणि पुढे? हेच नीलकंठशास्त्री १८४८ साली जौनपूरला ख्रिस्ती झाले, आणि १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी आमच्याच सहा दर्शनांचे खंडन केले. ही गोष्ट सांगितली की आमचे स्नेही दचकतात. “बुवा, म्हणूनच म्हणतो, दुसऱ्याचे फार वाचू नये!” असा उपदेश आम्हांला झाला. त्या भीतीमागची माया आम्हांला समजते. घरातला मुलगा परका होईल, ही ती भीती. पण मुले आज हातातल्या भ्रमणध्वनीवर सगळेच वाचतात. त्यांच्यापुढे आपण विडंबन ठेवले आणि उद्या त्यांना मूळ सापडले, तर ती ख्रिस्ती होतील की नाही हे आम्ही जाणत नाही; आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत, एवढे नक्की. ज्या बुवाने एक गोष्ट खोटी सांगितली त्याची गीता तरी खरी कशावरून, असे ती विचारतील.

म्हणून आता आमचा उत्तरपक्ष, थोडक्यात. नीलकंठशास्त्र्यांनी तरुणपणी विचारलेले प्रश्न, ते स्वतः पलीकडे गेले तरी, आमच्या मते अद्याप उभे आहेत. एकच जन्म मानला तर जन्मतःच दिसणाऱ्या विषमतेचा उलगडा ईश्वराच्या इच्छेवर ढकलावा लागतो. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी पडले नाही, त्या कोट्यवधींचे काय, याचे उत्तर त्यांच्यातही एकमताचे नाही. कोणी कठोर आहेत, कोणी ईश्वराच्या दयेला सीमा घालीत नाहीत. पशुपक्ष्यांत आत्मतत्त्व पाहणारी आमची दृष्टी त्यांच्या भेदाच्या पायावर बसत नाही. आणि सर्वांतर्यामी तोच नटला आहे, हा ज्ञानेश्वरमाउलीने दिलेला अनुभव सोडावा असे आम्हांला एकाही रात्री वाटले नाही. आम्ही होतो तेथेच आहोत. आमची गीता आमच्या हातात आहे.

पण पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला की तो आपल्यालाही प्रश्न विचारतो. नीलकंठशास्त्र्यांनी त्यांना विचारले की, विषमता का? त्यांचा उलट प्रश्न असा: तुमच्या कर्मसिद्धान्ताने उलगडा केलात, मग त्या दुःखिताचे तुम्ही केलेत काय? पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. गावोगाव पुराण सांगत हिंडणारे कुटुंब, आमच्याच व्यवसायातले. १८७४ साली आई-बाप दुष्काळात अन्नावाचून वाटेवर गेले. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेली ही विदुषी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाली. तिला तेथे वळविले ते कोणा तार्किकाने नव्हे. वाट चुकलेल्या स्त्रियांना तेथील ख्रिस्ती भगिनी आश्रय देत आहेत, हे तिने पाहिले. असे करावेसे तुम्हांला का वाटते, असे विचारले. आणि एका शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्त विहिरीवर कसा बोलला ती कथा तिला ऐकविण्यात आली. नीलकंठशास्त्र्यांच्या युक्तिवादाचाही तिच्यावर परिणाम झाला, पण डोळ्यांनी पाहिलेली ती सेवा आधी. आणि तीच रमाबाई तेथील धर्माधिकाऱ्यांपुढे मुकाट झाली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमचे संस्कृत काय कमी, असे तिने त्यांना सुनावले.

आमच्या भागातील बहुतेक ख्रिस्ती घराणी तर मूळची गावकुसाबाहेरची. त्यांनी ‘मतपरीक्षा’ वाचली नव्हती. ‘प्रत्येकावर ईश्वराची मुद्रा आहे’ हे त्यांना कोणी सांगितले आणि शेजारी बसवून सांगितले. सर्वांभूती ईश्वर, हे आम्ही त्याहून मोठे तत्त्व जाणत होतो, आणि त्याच ईश्वराला पाणवठ्यावर येऊ देत नव्हतो. जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभी करणारे नारायण शेषाद्री मूळचे ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांचा लहानगा भाऊ श्रीपत न्यायालयाने आई-बापांकडे परत दिला, तेव्हा त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले; आणि त्यांना विरोध केला तो आमच्याच सनातनी मंडळींनी. मुले जातात म्हणून आपण रडतो, आणि परतणाऱ्या मुलाला दार उघडणाऱ्यावर बहिष्काराची भाषा करतो. यात मिशनऱ्याचा काय दोष?

कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण अभंग सुटला नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तुकोबांचा पूल कोठे नेतो याविषयी आमचे मत त्यांच्याहून वेगळे आहे. परंतु पूल दोन्ही काठांना टेकलेला असतो, एवढे तरी आम्हांला मान्य केले पाहिजे. आमच्या गंगाखेडची जनाई दुसऱ्याच्या घरची दासी; तिच्याबरोबर देव दळण दळतो, शेणी वेचतो. देवाने दासीचे काम करावे, यात आम्हांला संकोच वाटत नाही, डोळे भरून येतात. मग देवाने दासाचे मरण पत्करले, असे मानणाऱ्या शेजाऱ्याचे डोळे का भरतात, हे समजणे आम्हांला तरी जड जाऊ नये. ते समजण्यासाठी त्याच्या मतात जावे लागत नाही. जनाईपाशी नीट बसावे लागते.

यंदाच्या चातुर्मासात आम्ही त्याच गावी मुद्दाम कीर्तन मागून घेतले. पूर्वरंगातच सांगितले की, दोन वर्षांपूर्वी या गादीवरून आम्ही एक वाक्य बोललो ते असत्य होते, आणि नारदांच्या गादीवरून असत्य बोलल्याचा दोष आमच्याकडे आहे. सभेत थोडी कुजबुज झाली. नंतर पाटील म्हणाले, “बुवा, एवढे कशाला? लोक विसरलेसुद्धा होते.” लोक हसलेले विसरतात, हे खरे; ज्यांना हसले ते विसरत नाहीत. बाईंची चौकशी केली तेव्हा कळले की, त्या मुलाकडे नगरला गेल्या आहेत. गुडघ्यांमुळे आता प्रवास होत नाही. आमचे शब्द ज्यांच्यासाठी होते त्यांच्या कानी ते पडले नाहीत. त्या घरच्या सुनेने तेवढे सांगितले, “मी फोनवर कळवीन.” कळविले की नाही, हे आम्ही विचारले नाही.

येत्या नाताळात नगरला जाण्याचा आमचा विचार आहे. मार्गशीर्षाची ही एकादशी आणि नाताळ यांत कधी चार दिवसांचे, कधी तीन-साडेतीन आठवड्यांचे अंतर पडते. दोन्ही सण थंडीचेच. वाचकहो, आपल्या ओळखीत असे एखादे घर असेल तर या नाताळात जाऊन यावे, आणि वाद न घालता त्यांना एवढेच विचारावे की, तुम्ही काय मानता? ऐकून घ्यावे. मग घरी येऊन गीता उघडावी. अर्जुनाचे ८४ श्लोकही भगवंतांच्या श्लोकांइतक्याच आदराने वाचावेत. ते गाळले तर भगवंतांनी उत्तर दिले ते कोणाला, हेच कळणार नाही.